वरच्या फळीवरचं बटण

चि. धाकट्या भावास ताईचे आशीर्वाद. (राग आहे, पण आशीर्वादात काटकसर करायला आईनं शिकवलं नाही.)

या महिन्यात तुझ्याकडून मला पोचलेल्या वस्तू अशा. तुझं पत्र एक, तिकीट अपुरं, त्यामुळे दुप्पट हशील पोस्टमनच्या हातावर मी ठेवलं. तुझी मुलगी एक, गाडीभाडं तिनंच भरलं. तिचा कॉम्प्युटर पडद्यासकट, हमाली माझ्याकडून. शिवाय पत्रातून सल्ले, फुकट, आणि त्याच लायकीचे. तुझा गुडघा कसा आहे? आमचे हे बरे आहेत. मीही देवाच्या कृपेनं बरी होते, तुझं पत्र वाचेपर्यंत.

तू लिहितोस की ठकीनं चांगली नोकरी सोडून काय दिवे लावलेत ते मी स्वतः वापरून बघावं, आणि उपयोगाचं नसेल तर तसं कळवावं. म्हणजे तू रविवारी येऊन तिला उचलून नेणार आणि तुझ्या साहेबाच्या कचेरीत चिकटवणार. परीक्षा तिची, परीक्षक मी, आणि निकाल तू आधीच लावून ठेवलेला! पण मी मॅट्रिक झालेली बाई आहे. पेपर तपासल्याशिवाय मार्क देत नाही. तेव्हा निमूट वाच.

तिनं माझ्यासाठी कॉम्प्युटरवर घरखर्चाचा हिशेब करून द्यायचं ठरवलं. (कॉम्प्युटर माझ्या शिलाई मशीनवर ठेवलाय, कारण आतल्या खोलीत टेबलाला जागा नाही. का नाही, त्यावर मागाहून येते.) पडद्यावर एक खिडकी, तिच्यात चौकटी आणि बटणं. दिसायला झकास. मग यांनी चष्मा शोधायचा कंटाळा म्हणून अक्षरं मोठी केली, आणि ‘जमा’ जाऊन बसली ‘खर्चा’च्या मांडीवर, ‘शिल्लक’ तर खिडकीबाहेरच पडली. हे म्हणाले, आपल्या घराचं चित्र अगदी हुबेहूब आलंय. मी यांच्याकडे कसं बघितलं असेल ते तुला माहीत आहे.

ठकी म्हणाली, याला लेआउट मॅनेजर लागतो. म्हणजे कुणाला कुठे आणि केवढ्यात बसवायचं हे बघणारा. खिडकी लहान-मोठी झाली, अक्षरं फुगली, की तो सगळ्यांना सरकवून घेतो. बरं, असे मॅनेजर तयार मिळतात, फुकट! एक सगळ्यांना रांगेत बसवतो, एक बुद्धिबळाच्या पटासारखा मांडतो. आणि ही बया फुकटचं सोडून स्वतःचा नवा करायला बसली. माझं टाळकंच सरकलं. सांगितलं, वीज जळते ती माझी. तर मला म्हणते, “आत्या, तयार ब्लाउज तुला जन्मात एकदा तरी बसलाय का?” (नाही बसला. पण म्हणून तोंड चालवायचं?)

तरी मी विचारलं, तुझा हा मॅनेजर नेमकं करतो काय. तर तो प्रत्येक चौकटीला आधी विचारतो, बाई गं, तुला जागा किती हवी, आणि अगदीच अडचण झाली तर कमीत कमी किती पुरेल? मग असेल ती जागा वाटून देतो. कमीत कमीच्या खाली मात्र कुणाला चेपत नाही. मी म्हटलं, हे तर मी लग्न झाल्यापासून दोन खोल्यांत करतेय, सासूबाई, सासरे, दोन दीर, आल्यागेल्याच्या वळकट्या. मला कुणी मॅनेजर म्हटलं नाही, “अजून चहा झाला नाही का” एवढंच म्हटलं.

मग तिनं विचारलं, तुझ्या फळीवर डबे कसे लावतेस? मी म्हटलं, त्यात विचारायचं काय, जे रोज लागतं ते हाताशी, जे क्वचित लागतं ते वर. झालं! तिनं तोच कायदा करून टाकला. जे बटण जास्त दाबलं जाईल ते हाताशी येईल आणि मोठं होईल. मीही खूष. आता ऐक गंमत. मी नवशिकी, दर ओळीला चुकणार. चुकलं की ‘खोडा’ दाबायचं; ओळ धरलेली असेल तर तेवढी ओळ पुसते, नसेल तर सगळं पान. मॅनेजरला वाटलं, या बाईंना खोडणं फार आवडतं. ‘खोडा’ रोज एकेक पाऊल पुढे येत गेलं, भाकड म्हशीसारखं फुगत गेलं, आणि बिचारं ‘ठेवा’ आकसून कोपऱ्यात, नव्या सुनेसारखं. एके सकाळी पूजा आटोपून बसले, महिन्याचा हिशेब पुरा केला, सवयीनं हात घातला तिथे ‘ठेवा’ नव्हतंच, ‘खोडा’ होतं. सगळा महिना गेला. दूध, किराणा, औषधं, सगळं. पडदा कसा पुसलेल्या पाटीसारखा स्वच्छ.

मी जी सुरू झाले ती शेजारी दार उघडून उभे राहिले. म्हटलं, अगं भवाने, घरात उंदीर झाले तेव्हा उंदराचं औषध मला रोज लागत होतं, म्हणून ते मी साखरेच्या डब्याशेजारी ठेवलं का? रोज लागो की तासाला लागो, त्याची जागा वरच्या फळीवर! मला वाटलं, आता ठकी रडणार. तर डोळे मोठे करून म्हणते, “आत्या, हे आधी का नाही सांगितलंस?” आणि माझ्याकडे पाठ करून टकटक सुरू. तोंडावर ओरडतेय मी, आणि ही माझ्या शिव्यांतून कायदा काढतेय!

आता तिच्या मॅनेजरमध्ये वरची फळी आहे. जे घातक आहे ते कितीही दाबा, जागचं हलत नाही, फुगत नाही, आणि तिथवर हात मुद्दाम लांबवावा लागतो. यांनी अक्षरं मोठी केली, बारीक केली, खिडकी चिंचोळी केली, कुणी कुणाच्या मांडीवर बसलं नाही. मी दोष शोधायला चष्मा पुसून बसले होते. सापडला नाही. याचा मला किती संताप आला असेल, कल्पना कर.

तेव्हा निकाल कळवते. पोरगी उद्धट आहे, ताटात टाकते, देवापुढे उभी राहते तीही घाईत. काम मात्र उपयोगाचं आहे. तुझ्या साहेबाला सांग, दुसरं कुणी बघ. 

तुझी,
ताई

ता. क. गेलेला हिशेब माझ्याकडे वहीत होताच. मी काय दूधखुळी आहे? पण हे ठकीला बोलू नकोस. तिला वाटतंय सगळं बुडालं, म्हणून रोज भांडी घासते.

ता. क. दुसरा. तिचा मॅनेजर त्या चौकटींना विचारतो तसं तू तुझ्या लेकीला कधी विचारलंस, की बाई गं, तुला कमीत कमी जागा किती पुरेल? मला माहेरी कुणी विचारलं नव्हतं. तुझा अभ्यास सुरू झाला की माझी वळकटी ओट्याखाली जायची. असो. मी तिला विचारलं. म्हणाली, एक टेबल.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठीच. घर बदलताना “चार दिवस राहू दे” म्हणून तू ठेवलेलं ते कपाट अजून आतल्या खोलीत उभं आहे, किल्ली तुझ्या खिशात. मी फीत लावून मोजलं. टेबल बरोबर तेवढ्यात बसतं. रविवारी येतोस ते ये, पण टेम्पो घेऊन ये, आणि जाताना न्यायचं ते कपाट. किती वाजता येतोस ते उलट टपाली कळव. तिकीट पुरतं लाव.