सोबतीला आलेली बाई

आत्याबाई,

सासूला आत्याबाई म्हणायचं, हे मी तुमच्या घरी आल्यावर शिकले. तुम्हाला वाचता येत नव्हतं, त्यामुळे तुम्ही होतात तेव्हा हे लिहिण्यात अर्थ नव्हता. आणि तोंडानं सांगता येण्यासारखं होतं त्या दिवसांत मी गप्प राहिले. आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की दिघ्याच्या पुढची आपली मिठागरं भरून त्यांवर इमारती उठल्या. त्यांतल्याच एकीच्या तिसऱ्या मजल्यावर बसून लिहिते आहे.

मी ठाण्याच्या ख्रिस्ती मास्तरांची मुलगी, दवाखान्यात नर्स. तुमचा मुलगा गिरणीत हात चेमटून आमच्याकडे आला आणि वर्षभरात आम्ही रजिस्टर लग्न केलं. माझ्या वडिलांनी दार लावून घेतलं. तुम्ही उघडलंत, पण अर्धंच. कपाळाला कुंकू लावलंत आणि सांगितलंत, पाण्याच्या हंड्याला हात लावायचा नाही, चुलीपाशी बसायचं नाही. तुमचा मुलगा आठवडाभर मुंबईला गिरणीत, आणि घरात आपण दोघी. ओट्यावर बसलं की समोर मिठागरं, पुढे खाडी, खाडीपलीकडे ठाणं. इकडे मी बाटगी, तिकडे देव सोडलेली. बांधावरून कितीही चाललं तरी शेवटी पाणीच आडवं यायचं. दुसऱ्या वर्षी तुम्हाला हिवताप भरला तेव्हा मी हंड्यातलं पाणी काढून पाजलं, तुम्ही प्यालात. त्यावर आपण कधीच बोललो नाही. चुलीपाशी बसायला मिळालं खरं, पण छातीवरचा दगड काही हलला नाही.

पाचव्या वर्षीचा नाताळ. तुम्ही उजाडताच मिठागरात जाऊन वाफे तुडवून परत येता, पोटऱ्यांपर्यंत चिखल. मी मागच्या दारी भांडी घासत रडते आहे. तुम्ही तशाच उभ्या राहता.

"तुज्या देवाचा जलम ना आज? दरसाल या दिशी रडतंस. जात कना नाय?"

"कशी जाऊ आत्याबाई? कपाळाला हे, गळ्यात हे. मला कोण आत घेणार?"

"कोनाच्या घरी चाललंस, देवाच्या का त्यांच्या? हाय तशी चल. मी येतंय संगती."

पाय धुतलेत तेवढंच. लुगडं तेच, गुडघ्यापर्यंत खोचलेलं. नवे तांदूळ मात्र फडक्यात बांधून घेतलेत. "बाल बगाया रित्या हातानं जात नाय," म्हणालात. होडीत मी पदराचं टोक ओलं करून कपाळाकडे नेलं, तर तुम्ही मनगट घट्ट धरलंत. "नवरा जिता हाय तुजा. पुसू नको. तुज्या देवाला दिसू दे."

चर्चमध्ये मी शेवटच्या बाकावर बसले, तुम्ही दारापाशी जमिनीवर. पाळकसाहेब मेंढपाळांचं सांगत होते. ते न्हाऊनधुऊन आले नव्हते, अंगाला मेंढरांचा वास होता, होते तसेच रानातून उठून बाळापाशी आले आणि कुणी त्यांना थांबवलं नाही. मी कुंकवासकट मान खाली घालून ऐकत होते. पाच वर्षांत पहिल्यांदा श्वास पोटापर्यंत गेला. मला घेतलं त्यानं, असं वाटलं.

उपासना संपली. बाहेर माझ्या ओळखीच्या साऱ्या बायका, नवी पातळं, डोक्यात फुलं, माझ्या कपाळाकडे बघत. तेवढ्यात तुम्ही पुढे होऊन पाळकसाहेबांच्या हातात फडकं दिलंत. "बालासाठी." त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि मला विचारलं, "या कोण, बेटा?"

मी तुमचे मिठानं चिरलेले पाय पाहिले. त्या बायकाही तेच बघत होत्या.

"गावातल्या आहेत," मी म्हणाले. "सोबतीला आल्या."

तुम्ही हात जोडलेत आणि पायरी उतरून उन्हात जाऊन उभ्या राहिलात.

परतीच्या होडीत एका म्हातारीनं तुम्हाला विचारलं, "ही गोरी पोर कोन गं?" अख्ख्या होडीला ऐकू जाईल असं तुम्ही म्हणालात, "सून हाय माजी. तिच्या देवाकडं गेलतो." मी खाडीच्या पाण्याकडे बघत राहिले. बोलायला तीच वेळ होती. ती गेली आणि मग रोज जात राहिली, तुमचा शेवटचा आजार मी काढला तेव्हासुद्धा. तुमचं सगळं केलं, आत्याबाई, तेवढं एक वाक्य सोडून. हा कागदही घडी घालून कपाटात ठेवीन; वाचून दाखवायचं ज्यांना, त्या नाहीत.

पण एक अजून राहिलंय. पुढच्या नाताळच्या आदल्या दिवशी तुम्ही आपणहून विचारलंत, "उद्या जावाचं ना?" पाळकसाहेब पुन्हा विचारतील, आणि या खेपेला खरं सांगितलं तर मागचं खोटं उघडं पडेल, याची मला भीती. मी म्हटलं, "उद्या सकाळी भरती नाही, होडी सुटायची नाही." जन्म खाडीवर काढलेल्या तुम्हाला मी भरतीची वेळ सांगत होते. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघितलंत आणि "बरं" म्हणालात.

सकाळी होडी सुटली. पलीकडे लागेपर्यंत मी ओट्यावरून बघत होते, आणि शेजारी उभ्या राहून तुम्हीही.