मोटार, झाडू आणि सासऱ्यांची दोरी

बुधवार, १० मे १८९९

मोटार पुन्हा बंद! टेकडीच्या पहिल्याच वळणावर. सासरे घोडा घेऊन जणू वाटच बघत होते. "जावईबापू, दोरी टाकू का?" — टाका म्हणालो, काय करणार! अख्ख्या गल्लीने खिडक्या उघडून मजा पाहिली.

पुढच्या गुरुवारी सरकारी तपासनीस येतोय. मी बनवलेली ही मोटार न ढकलता टेकडीवरच्या चर्चपर्यंत चढली तर परवाना. नाहीतर सासऱ्यांच्या कारखान्यात जन्मभर दारूच्या भट्टीची तांब्याची भांडी ठोकायची. हा शब्द मीच दिलाय, चारचौघांत. जीभ झडायला हवी होती माझी!

शुक्रवार, १२ मे

नवी बॅटरी. नव्या तारा. ब्रेकला नवं चामडं. इंजिन दोनदा खोकलं आणि झोपलं.

शनिवार, १३ मे

शनिवार म्हणजे झाडलोट. जिना, अंगण, रस्ता — माझी बायको रिके यातलं काही सोडत नाही. माझ्या शेडमध्येही दर शनिवारी घुसते. पितळ दिसलं की हिचे हात शिवशिवतात! "अहो, शेजारीण काय म्हणेल?" शेजारीण काय इंजिनात डोकावणार आहे?

रविवार, १४ मे

पाप केलं. आमच्याकडे रविवारी कुणी सुईसुद्धा उचलत नाही. पण रिके चर्चमध्ये, मी पोटदुखीचं सोंग घेऊन घरी. सहज हँडल मारलं — आणि सुरू! काय गोड आवाज! प्रवचन संपल्याची घंटा झाली तेव्हा घाबरून बंद केली.

रविवारी पळते, बुधवारी मरते. देव माझी थट्टा करतोय.

मंगळवार, १६ मे

काल दिवसभर पळाली. आज संध्याकाळी खोकली. मला धडकी भरलीय.

बुधवार, १७ मे

मेली! इंजिन पेटवणारी ठिणगीची पेटी उघडली. आतली थरथरणारी पट्टी काजळीने काळी ठिक्कर. तेवढ्यात रिके जेवायला बोलवायला आली.

"अगंबाई, चार दिवसांत इतकी घाण? शनिवारी तर घासली होती."

"तू... पेटी उघडतेस?"

"मग! घाण काय झाकणावरच बसते?"

म्हणून रविवारी पळते! आणि मी बॅटऱ्या बदलत बसलोय! म्हटलं, घास, आत्ता घास. "आज बुधवार आहे," म्हणाली. हातापाया पडलो. शेवटी, "एक शनिवार मला सुट्टी. झाडू तुमच्याकडे." हो म्हणालो! दहा मागितले असते तरी हो म्हणालो असतो. ताटातल्या शेवया, श्पेट्झ्ले, गार झाल्या, कुणाला पर्वा!

गुरुवार, १८ मे

रिकेला शेजारी बसवलं. तपासनीस मागच्या बाकावर. तिघांचं ओझं, उभा चढ; शेवटच्या वळणावर फट् फट् — बंद! घोडा घेऊन मागोमाग आलेले सासरे दोरी सोडवायला लागले. रिके उतरली, पेटी उघडली, एप्रनच्या टोकाने पट्टी खसाखसा पुसली. मी हँडल मारलं — धडाम! घोडा उधळला, सासरे त्याच्यामागे धावले, आणि आम्ही चर्चपाशी! परवान्यावर शिक्का! मी रडलो. खरंच रडलो.

शनिवार, २० मे

जिना मी झाडला. अंगण मी झाडलं. आता रस्ता. शेजारीण खिडकीतून हसतेय.

रिके मोटार घेऊन स्टुटगार्टला गेली. स्वतः चालवत. शेजारी सासरे बसलेत. दोरी घरीच ठेवून गेलेत.