ऋजूचं विरोधातलं भाषण

११ जाने. २०२१, आल्मेरे, नेदरलँड्स

शाळा बंद म्हणजे बंदच. ऋजू वरच्या खोलीत, मी खाली जेवणाच्या टेबलावर ऑफिस थाटून. बाहेर जाते ती एकटी वैशाली. हॉस्पिटलच्या लॅबला सुट्टी कुठली.

ऋजूच्या शाळेत वादविवाद स्पर्धा आहे, ऑनलाइन. विषय: गांजा पूर्णपणे कायदेशीर करावा का? तिच्या वाट्याला आलंय 'करावा'. सोळा वर्षांच्या पोरांना हा विषय! आम्ही 'विज्ञान शाप की वरदान'वर घसा कोरडा केला.

"बाबा, तू अगेन्स्ट करशील? प्रॅक्टिससाठी?"

विचारते काय! कॉलेजात वक्तृत्वाची ढाल आणलीय मी. वै. म्हणाली, "झालं. आता आठवडाभर गार जेवायचं."

१४ जाने.

वाचन जोरात. इथला कायदा म्हणजे अजब प्रकरण. कॉफीशॉपवाल्याने (नाव कॉफीचं, दुकान गांजाचं) पुढच्या दाराने गांजा विकला तर पोलीस कानाडोळा करतात. तोच माल मागच्या दाराने दुकानात आणला तर गुन्हा. मनाई आहे, पण चालवून घेतात. इतकी वर्षं स्टेशनच्या वाटेवर ते दुकान ओलांडतोय, वास आला की नाक मुरडतोय, पण हे ठाऊक नव्हतं.

ऋजूला म्हटलं, तुझे मुद्दे दाखव. "सरप्राइझ." लेक बापाची आहे.

१६ जाने., शनि.

झाली प्रॅक्टिस. ऋजू: मालाची तपासणी होईल, टोळ्यांचा धंदा बसेल, सरकारला कर मिळेल. नीटनेटकं बोलली, पण जीव नव्हता त्यात.

मग मी उभा राहिलो. स्टेशनमागे बसणारी पोरं, विझलेले डोळे, शिक्षणाचं वाटोळं. शेवटी आवाज खाली आणून, "आणि या वाया गेलेल्या पोरांच्या आईबापांनी तोंड कुठे दाखवायचं?" अजून जमतं मला.

"ओके बाबा. यू विन." लॅपटॉप मिटून वर गेली.

वै. भांडी लावत होती. "पोरीला हरवलंस. अभिनंदन."

आता यात माझं काय चुकलं?

२४ जाने.

कालपासून रात्रीची संचारबंदी. आम्ही तसेही कुठे जातोय.

ऋजू जेवायला येते, चार घास खाते, वर जाते. वाद घालत नाही, हे मला जास्त खटकतंय. आज मुद्दाम म्हटलं, पोह्यात बटाटा घालणाऱ्यांवर खटला भरायला हवा. (तिला बटाट्याचेच लागतात.) एरवी तासभर भांडली असती. नुसती हसली, तेही वै. हसल्यावर, जरा उशिराने.

वै. म्हणते थकलीय, सगळीच मुलं थकलीत. असेल.

३ फेब्रु.

शाळेचा नवा नियम. दोन्ही बाजू तयार ठेवायच्या, चिठ्ठी त्याच दिवशी निघणार. ऋजूने जिन्यातूनच सांगितलं.

मी म्हटलं, उत्तम, मग आता तू विरोधात, मी बाजूने. रविवारी.

"तू ओरडणार नाहीस ना?"

मी ओरडतो?

७ फेब्रु., रवि.

सकाळपासून बर्फ. रस्ता, सायकली, सगळं गडप. वै. ड्यूटीवर चालत गेली.

आधी मी बोललो. दारू चालते, सिगारेट चालते, मग हेच का नाही वगैरे. हुकमी मुद्दा शेवटी: जे चोरून करावं लागतं ते मुलं घरी सांगत नाहीत. कायदेशीर करा, सांगतील. स्वतःवर खूश होऊन बसलो.

ऋजू उठली. हातात कागद नव्हता. बोलली नेहमीसारखं अर्धं इंग्लिशमध्ये, मी आठवतं तसं लिहितोय. "कायद्यामुळे नाही सांगत. घरी कोण काय बोलेल ते आधीच माहीत असतं, म्हणून नाही सांगत."

मी मान डोलावली. चांगला प्रतिवाद!

"आधी झोप लागते. छान लागते, डोकं शांत होतं. मग त्याच्याशिवाय लागतच नाही. ओळ वाचायला घ्यायची, शेवटाला येईपर्यंत सुरुवात गेलेली. जेवताना आईबाबा हसले की आपण पण हसायचं. पण ते लेट होतं."

फोनवर भाषणाच्या वेळेची घंटी लावली होती, ती वाजायला लागली. वाजत राहिली.

"हे कुठे वाचलंस, ऋजू?"

"वाचलं नाही."

जवळ जाऊन बसलो. पाय गारठले होते पोरीचे, मोजे आणून घातले, लहानपणी घालायचो तसे. मग रडली. मीही. वै. आली तेव्हा तसेच बसलो होतो. ऋजूनेच सांगितलं तिला. पहिल्या लॉकडाऊनला थोडं, मग बंद, डिसेंबरपासून जवळजवळ रोज. वै. ने कोटसुद्धा न काढता तिला कुशीत घेतलं.

८ फेब्रु.

राग येतोय. कुणाचा ते ठरत नाही.

अठराच्या आत दुकानात उभं करत नाहीत. मैत्रिणीचा भाऊ आणून देतो. त्याचं नाव सांगणार नाही म्हणते. मी आवाज चढवला. वै. ने डोळे वटारले, तसा खाली आणला.

थोड्या वेळाने ऋजू म्हणाली, "मी वाया गेलेली नाहीये, बाबा."

माझाच शब्द. हातवारे करून म्हटलेला. "नाहीस," म्हटलं. पुढे भाषण केलं नाही. मला माझी लाज वाटते.

१२ फेब्रु.

आमच्या फॅमिली डॉक्टरकडे. इथे सोळा पूर्ण झाली की आत कुणी यायचं हे तीच ठरवणार. "बाबा, तू बाहेर थांब." वेटिंग रूममध्येही कोरोनामुळे बसू देत नाहीत, म्हणून सायकलस्टँडपाशी बर्फात उभा. थर्मासमधला चहा संपवला. आत ती काय सांगत असेल, आमच्याबद्दल काय सांगत असेल, हेच डोक्यात.

बाहेर आली. काही विचारलं नाही, फार कष्ट पडले. सायकली ढकलत निघालो. कालव्याजवळ आपण होऊन म्हणाली, "वीकली एका काउन्सेलरशी बोलायचं. व्हिडिओवर."

एवढंच. एवढं पुष्कळ आहे.

२६ फेब्रु.

स्पर्धा झाली. चिठ्ठीत 'करावा' आलं. हरली. मी स्वयंपाकघरात दार लावून बसलो होतो, तसं सांगितलंच होतं मला. ऋजूचं म्हणणं, मुद्दे बरोबर होते, परीक्षक बोअर होते. बरं वाटलं ऐकून.

दुपारी ऑफिसच्या व्हिडिओ-कॉफीला नेमका तोच विषय, निवडणूक आलीय ना. टीममधला एक डच म्हणाला, आम्ही सगळ्यांनीच सोळाव्या वर्षी केलंय, काय झालं आम्हाला? दुसरी म्हणाली, तुझं नशीब. मला विचारलं, तुझं काय मत? म्हटलं, मी दोन्ही बाजूंनी बोलून बसलोय, मत राहिलं नाही.

खरंच राहिलं नाही. दुकान बंद केलं तर तो भाऊ दुसरीकडून आणेल. उघडं आहे तर तिथून आणतो. माझ्या लेकीला झोप का लागत नव्हती, हे कुठल्याच बाजूच्या मुद्द्यांत नव्हतं.

१४ मार्च, रवि.

ऋजू आता अधूनमधून शाळेत जाते. रंग आलाय तोंडावर. परवा पोह्यांवरून भांडली.

आज सकाळी शेडमध्ये सायकलची चेन साफ करत होतो. दारात येऊन उभी. "बाबा, काल ओढला मी."

पहिलं मनात आलं, झालं, परत सुरुवातीपासून. दुसरं आलं, सांगितलं हिने मला. आधी कुठलं बोलावं कळेना, चेन पुसत राहिलो.

"रागावलास?"

"हो."

"खूप?"

"खूप. आणि भीती वाटते मला, ऋजू."

हे तिला कधीच म्हटलं नव्हतं. ती तिथेच उंबऱ्यावर टेकली. "मला पण," म्हणाली.

"परत झालं तर सांगू तुला?"

सांग म्हणावं तर परवानगी दिल्यासारखं होतं. नको म्हणावं तर मागच्या दाराने होणारच, फक्त मला कळणार नाही. ती वाट बघत होती. माझा हात तेलाने बरबटलेला, नाहीतर डोक्यावरून फिरवला असता.

"सांग," म्हटलं.