चालायची नोकरी

मु. कोसमपेठ, जि. भंडारा
चैत्र वद्य (तिथी कॅलेंडरच्या फाटलेल्या भागात गेली), सन १९८२

ती. स्व. केशवराव मामाजींच्या पायांशी डोमाचा दंडवत, आणि गिरजामामींच्या पायांशी दुसरा, वेगळा. (एकाच दंडवतात दोघांना उरकलं की मामी रागावतात, हे मी विसरलेलो नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? एकोडीच्या तळ्यात पाणी उरलं आहे की म्हशी नुसत्या चिखलात बसतात? मामींचा दमा, विहिरीचा रहाट, शेजारच्या भय्याजींचं कोर्टातलं भांडण, सगळं आपापल्या जागी ठीक असेल अशी आशा करतो. मी इकडे खुशाल आहे. नुसता खुशाल नाही, एका जागी खुशाल आहे, आणि हेच कळवायला हा कागद घेतला.

होळीला तुम्ही आसगावच्या टेकचंदजींकडे माझ्यासाठी शब्द टाकला, तेव्हा ते म्हणाले होते की पोरगा चांगला आहे, पण त्याचे पाय चांगले नाहीत. अक्षय तृतीयेपर्यंत एका गावी, एका कामावर टिकून दाखवलं तर सत्यभामेबद्दल पुढं बोलू, नाहीतर साकोलीकडचं धानगिरणीवालं स्थळ दारात उभंच आहे. मामाजी, त्या धानगिरणीचा आवाज मला झोपेतसुद्धा येतो. सत्यभामेला मी पवनीच्या जत्रेत पाहिलं होतं. ती बांगडीवाल्याशी भाव करत होती, आणि शेवटी तो बांगडीवालाच म्हणाला, "बाई, तुमीच बसा दुकानात, मी घरी जातो." (त्या बांगडीवाल्याचा भाऊ पुढे मला तुमसरला भेटला. त्याच्याजवळ एक बोलका पोपट होता, पण तो फक्त तेलुगू बोलायचा. ते राहू द्या.)

तर कोसमपेठ. पवनीपासून एस.टी.नं फार लांब नाही. गावाच्या मधोमध एक बाजारगल्ली आहे. एकेकाळी लोक दूरदूरून बैलगाड्या जुंपून इथं लुगडी घ्यायला यायचे म्हणतात. आता इथल्या बाया इथंच विणलेलं लुगडं घ्यायला भंडाऱ्याला जातात, कारण तिथं दुकानदार थंड पाणी देतो. दुकानं अर्धी बंद. राहिलेल्या दुकानदारांचं मुख्य काम एकमेकांच्या दुकानात जाऊन बसणं. हे सरकारच्या कानावर गेलं असावं, कारण लहान गावांचे जुने बाजार पुन्हा हुशारीत यावेत, माणसांनी बैलगाडी-सायकलचे धक्के न खाता पायी हिंडावं आणि हिंडता हिंडता काही विकतही घ्यावं, म्हणून या गल्लीला अनुदान मंजूर झालं. (दवंडी देणाऱ्यानं "अन्नदान" म्हटलं, त्यामुळे पहिल्या दिवशी नगरपालिकेपुढं बरीच माणसं घरून पत्रावळी घेऊन आली होती. मीही होतो. तिथूनच माझी या गावाशी ओळख झाली.)

त्या अनुदानातून गल्लीच्या दोन्ही बाजूंना सिमेंटचा फुटपाथ झाला. असा गुळगुळीत, असा सरळ, की मी तो होत असताना दिवसभर उभा राहून पाहत होतो. पण फुटपाथ झाला आणि त्यावर कोणी चालेना! लोक पूर्वीसारखेच रस्त्याच्या मधून, बैलांच्या शेपट्या चुकवत जायचे. आणि महिनाअखेरीस नागपूरचे साहेब पाहणीला येणार होते. माणसं चालताना दिसली तर पुढचं काम, म्हणजे दिवे, पाण्याची टाकी आणि झाडं. नाही दिसली तर कोसमपेठेचं नाव यादीतून बाद. नगराध्यक्ष वासुदेवरावांची झोप उडाली. त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, "डोमा, तू सकायपासून सांजलोक रिकामा फिरूनच राह्यतं न?" मी म्हटलं, "हाव." "मंग फुटपाथावर फिर न बाप्पा! एकाले पाहून दुसरा फिरन."

मामाजी, ज्या गोष्टीसाठी आईनं मला लाटणं फेकून मारलं, मास्तरांनी बाकावर उभं केलं आणि तुम्ही दोनदा घरी बोलावून समजावलं, त्याच गोष्टीचा मला पगार लागला. हुद्दा मुकादम. दंडाला लाल फडकं. काम चालणे.

आता लोक का चालत नव्हते ते सांगतो, कारण हे नागपुरातल्या नकाशावाल्यांच्या लक्षात आलं नाही. फुटपाथ रस्त्याहून वीतभर उंच आहे, आणि घरांच्या दारांना चिकटून आहे. दारापुढं वीतभर उंच, कोरी, सपाट जागा दिसली तर आपल्याकडे तिला काय म्हणतात? ओटा. सुमित्राबाईंनी (त्या कापडवाल्या गोपाळरावांच्या मंडळी) पहिल्याच सकाळी आपल्या वाट्याचा फुटपाथ शेणानं सारवून रांगोळी काढली. दुसऱ्या दिवशी पूर्ण गल्लीनं काढली. मोर, कमळ, गोपद्म, काय नाही ते. सरकारनं कोसमपेठेत घरोघरी ओटा बांधून दिला, अशी ती बातमी झाली. आणि परक्याच्या सारवलेल्या ओट्यावर कोणी जोडे घालून चढतं का? मी पहिल्या दिवशी मुकादमाच्या ऐटीत चढलो, तर सुमित्राबाई खराटा घेऊन बाहेर आल्या.

"काहून रे, तुह्या घरी मायबाप नाही का? जोड्यासगट चढून राहिला!"

मी म्हटलं, "बाई, हा रस्ता आहे. पायी चालाचा."

"रस्ता तो, खालचा. इथं माहा मोर हाये."

खरंच होता. मी मोराच्या शेपटीवर उभा होतो. मग मी सुचवलं की चालणाऱ्यांनी चपला खाली काढून ठेवाव्या. (तोड म्हणून चांगली वाटली होती.) लोकांना पटली. बाजाराच्या दिवशी खेड्यावरची मंडळी आली, रस्त्यात चपला काढल्या, फुटपाथाला हात लावून नमस्कार केला आणि दोन्ही हात पोटाशी धरून, रांगोळी चुकवत, देवळात चालावं तशी चालू लागली. पण चैत्रातलं ऊन, मामाजी! दहा वाजले की सिमेंटचा तवा होतो. मंडळी आधी सावकाश, मग लगबगीनं, मग उड्या मारत जायची. आणि रस्त्यात चपलांची ही लांब रांग पडलेली, तिच्यावरून गाड्या नेता येईनात. गाडीवान मला शिव्या द्यायचे, चपलांचे मालक गाडीवानांना. एका म्हाताऱ्याला गर्दीत दोन्ही डाव्या चपला मिळाल्या. त्यानं त्या घातल्या आणि गेला. मला वाटतं तो अजून गोल फिरत असेल.

यात शकुनबाईंची भर पडली. शकुनबाई कोष्टीण, घरी माग. सूत मागावर चढवायच्या आधी ताणा, म्हणजे उभे धागे, लांबच लांब ताणून त्याला पेज पाजावी लागते आणि दोन्ही बाजूंनी चालत चालत कुंच्यानं विंचरावं लागतं. याला पाजणी म्हणतात. पाजणीला सरळ लांब जागा पाहिजे, आणि अशी जागा कोसमपेठेत सरकारनं आताच करून दिलेली. त्यांनी गल्लीच्या टोकाला फुटपाथावर ताणा ताणला. मी लाल फडकं सारखं करून गेलो आणि म्हटलं की हे हटवा, इथं माणसं चालली पाहिजेत. शकुनबाई म्हणाल्या, "मंग मी का झोपून राहिली का? सकायपासून चालूनच राहिली न! तू उभा हायेस, तूच हट." थोड्या वेळानं पाहतो तर माझ्या हातात कुंचा होता आणि मी पलीकडच्या बाजूनं चालत होतो. (काम गोड आहे. सूत ओलं असताना त्याला तांदळाचा वास येतो.)

साहेब आले तो दिवस मात्र पाहण्यासारखा होता. सकाळी आठला येणार म्हणून वासुदेवरावांनी सर्वांना नवे कपडे घालून चालत राहायला सांगितलं होतं. जीप आली दहानंतर. तोवर माणसं चालून चालून दमली आणि खालच्या रस्त्यावर सावलीला बसली. बायांनी मात्र पाहुणे येणार म्हणून अख्ख्या फुटपाथावर ठिपक्यांची रांगोळी आणि "सुस्वागतम्" काढून ठेवलं. साहेब सज्जन निघाले. एवढी रांगोळी पाहून त्यांनी आपणहून बूट काढले. साहेबांनी काढले म्हणून वासुदेवरावांनी काढले, ओव्हरसियरनं काढले, मी तर चपला काढल्याच. मग आम्ही सगळे त्या तव्यावरून निघालो. साहेब मोज्यांत होते, तरी गोपाळरावांच्या दुकानापासून त्यांची पावलं पळू लागली. मागून वासुदेवराव "सायेब, हे आमचं जुनं मार्केट" असं ओरडत पळत होते. असे आम्ही शकुनबाईंच्या ताण्यापाशी पोचलो. तिथं त्या, त्यांच्या दोन सुना आणि दीर चालत होते, जात होते, वळत होते, येत होते.

साहेबांचा चेहरा उजळला. "वा! म्हणजे लोक वापरताहेत. कुठं चालल्या आहेत या?"

"त्या खुंटीपर्यंत," मी म्हटलं. "आणि मग वापस."

"सायब, बाजूले व्हा," शकुनबाई म्हणाल्या, "नाहीतं कुंचा धरा. उभ्यानं सूत तुटते."

साहेबांनी ओल्या सुताखाली पाय गार करून घेतले आणि वहीत काहीतरी लिहिलं. दिवे, टाकी, झाडं, सगळं मंजूर होईल असं ओव्हरसियर म्हणतो. वासुदेवराव माझ्यावर प्रसन्न आहेत. तेव्हा मामाजी, तुम्ही आजच टेकचंदजींना पत्र टाका की डोमा टिकला, कामाला लागला, सरकारी साहेबांनी त्याचं काम डोळ्यांनी पाहिलं. मोठ्यांना नमस्कार, लहानांच्या पाठीवर हलकी थाप, आणि तुम्हा दोघांना निघतानाचा पुन्हा वेगवेगळा दंडवत.

तुमचा, सध्या एका जागी असलेला,
डोमा

ता. क. एक गोष्ट लिहायची राहिली. जाता जाता साहेबांनी मला विचारलं, "तुमचं काम काय?" मी म्हटलं, चालणे. ते हसले आणि म्हणाले, "चालून दाखवा बरं." मी चाललो. मागून सगळं गाव पाहत होतं, म्हणून जरा ऐटीत चाललो. आता फुटपाथ जिथं संपतो तिथंच एस.टी.चा थांबा आहे, आणि पवनीची गाडी चालू होऊन उभी होती. ड्रायव्हर घनश्याम माझ्या ओळखीचा. त्यानं नुसतं विचारलं, "येतं का?" मला कोणी असं विचारलं की मामाजी, माझ्या तोंडून हाव निघतं. बसल्यावर त्यानं लाखनीच्या एका बैलाची गोष्ट काढली, ती पवनीपर्यंत संपली नाही.

ता. क. दुसरा. तेव्हा वर "मु. कोसमपेठ" लिहिलं आहे ते खोडून वाचावं. टेकचंदजींना पत्रही टाकू नका, कारण हा कागद मी त्यांच्याच पडवीत बसून लिहितो आहे. पवनीला उतरल्यावर ध्यानात आलं की नोकरी मागं राहिली, चपला मागं राहिल्या, आणि अक्षय तृतीया अजून पुढं आहे. परत जाणारी गाडी सांजची होती. वाट पाहायला बसलो, पण बसवेना, आणि पाय आसगावच्या वाटेला लागले. म्हटलं, धानगिरणीवाल्यानं सांगण्यापेक्षा आपणच सांगू. टेकचंदजी सुपारी कातरत होते. "काहून बाप्पा, भर उन्हात? नोकरीचं काय?" मी काही लपवलं नाही. म्हटलं, नोकरी चालायची होती, चालता चालता इथवर आलो. त्यांचा अडकित्ता उघडाच. तेवढ्यात आतून सत्यभामा पाण्याचा गडवा घेऊन आली. माझ्या पायांकडे पाहिलं. मग बापाला म्हणाली, "बाबा, पवनीपासून अनवाणी आले ते. धानगिरणीवाला तं जीप पाठवतो म्हणे, खुद्द येत नाही. त्यायले बसा तं म्हणा."

टेकचंदजींनी चटईकडे हात केला. मी बसलो. आता ते म्हणतात की मामाले घेऊन ये, मंग बोलू. घेऊन यायचं तर मला उठावं लागेल, आणि एकदा उठलो की माझा भरवसा मलाच नाही. म्हणून मामाजी, हा कागद मिळताच जी गाडी मिळेल ती धरा. मी बसलो आहे, तोवर या.