पलीकडे काय काढलंय?

१२ जून
पलीकडच्यांनी घराला रंग द्यायला काढला! पिवळा. ह्यांनी गेटातून बघितला, आत आले, परत जाऊन बघितला, मग म्हणाले, "डोळ्यांत खुपतो." संध्याकाळी पुंडलिक मिस्त्रीला फोन — आपल्याला कोणता शोभेल?

पलीकडचे म्हणजे माझे थोरले दीर, बाळाचार्य अण्णा. घर एकच. वाटणीत मधे भिंत आली आणि तेव्हापासून भाऊ-भाऊ बोलत नाहीत. आम्ही जावा मात्र, मी आणि हेमावतीअक्का, सुभाष रोडला भाजी घेताना पोटभर बोलतो. दोघांनाही ते ठाऊक आहे, पण विचारायचं कसं!

२९ जून
आम्ही हिरवा दिला. पुंडलिक ह्यांना म्हणतो, "साहेब, आपल्याला दोन हात मारू, पलीकडं एकच हाय." अक्का म्हणाली, तिकडेही हेच सांगितलंय.

१७ जुलै
पलीकडे खिडक्यांना जाळी. आमच्याकडे जाळी.

८ ऑगस्ट
कमोड बसला. "मरेन पण त्यावर बसणार नाही" म्हणणारे आमचे वकीलसाहेब आता पेपर घेऊन आत जातात ते लवकर बाहेर येत नाहीत. अण्णांकडे आधीच बसला होता ना!

१४ सप्टेंबर
आमच्या पुढच्या कट्ट्याला नवी फरशी. पलीकडून उत्तर नाही. हे बेचैन. "काहीच काढलं नाही का गं त्यांनी?"

२४ सप्टेंबर
अक्का भेटली. मेथीची जुडी हातात धरून म्हणाली, "श्रीहरी पुण्याला बोलावतोय गं आम्हाला. दसरा झाला की घर विकायचं म्हणं." तिच्या पोराचंही खरंच. पण मला तिथेच रडू आलं.

ह्यांना सांगितलं. "बरं झालं, कटकट गेली," म्हणाले. दुसरी भाकरी घेतली नाही. नव्या फरशीवर जाऊन बसले. एवढं सजवलं ते कुणी बघावं म्हणून, कळलं का आता? — ओठांवर आलं होतं. गिळलं.

२ ऑक्टोबर, दसरा
इथं कानडी मुलखात सोनं म्हणजे बन्नीची, शमीची पानं; ती धाकट्यानं थोरल्याच्या घरी न्यायची, पाया पडायचं. हे नवं धोतर नेसून दोनदा गेटापर्यंत गेले, परत आले. "चप्पल चावते," म्हणे!

दिवेलागणीला गेट वाजलं. अण्णा! थोरला धाकट्याच्या दारी — असं कुणी करत नाही. ह्यांच्या हातात पानं ठेवली. "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण." सोन्यासारखं राहूया, दरवर्षी सगळेच म्हणतात.

हे पाया पडले, आणि तोंडातून काय निघावं? "अण्णा, फरशी बघितली?"

मग घरभर वरात. कमोडसुद्धा दाखवला! अण्णा सगळीकडे वाकून बघत होते. "पाण्याचा उतार चुकलाय रे, गुरू." घरातल्या नावानं हाक ऐकून हे हसले. इतके मोकळे हसलेले मी कितीतरी वर्षांत पाहिले नव्हते. पुण्याचा विषय कुणीच काढला नाही.

४ ऑक्टोबर
सकाळीच पुंडलिक दारात, घण घेऊन. "वैनी, मधल्या भिंतीत दार काढायचं हाय."

कुणी सांगितलं?

"दोघांनी बी. येगयेगळं. एकमेकांना सांगू नको म्हणालेत."