एकेचाळीस नंबरचा हातमोजा

सॅस्काटून स्टेशन,
१७ नोव्हेंबर १९६८

सिरिलमामांना मार्जरीचा नमस्कार.

आपली कधी भेट झालेली नाही. आई गेल्याचं मी कळवलं, त्यावर तुमचं एका ओळीचं उत्तर आलं : "मला बहीण नाही." त्या ओळीमुळे हे लिहावं लागतंय. एरवी मी कुणाच्या मागे लागत नाही.

इंग्लंडच्या अनाथाश्रमाने तुम्हा दोघांना बोटीने कॅनडात शेतांवर राबायला पाठवलं, तेव्हा आई दहाची, तुम्ही सातचे. करार अठराव्या वर्षापर्यंत. शेतं वेगळी, भेटायला बंदी. तरी जानेवारीतल्या एका रविवारी ती तुमच्या कुंपणाशी आली होती. तिने मला सांगितलं ते असं :

"ताई, पळून आलीस? बडवतील तुला!"

"गप रे. अंगठा बघ, हातमोज्यातून डोकं काढून बसलाय. आण इकडे. रफू करून पुढच्या रविवारी देते."

तुम्हाला वाटलं असेल, नंतर तिने पाऊलही उचललं नाही. मामा, पुढच्या रविवारी ती आली होती. तुमची मालकीण दारातूनच म्हणाली, "तो? आश्रमाचा हातमोजा हरवला कार्ट्याने. मार खाल्ला, पण कुठे गेला ते सांगेना. दिला परत पाठवून." पुढे कुठे पाठवलं, ते मुलांना सांगायची पद्धत नव्हती.

आई तशीच फिरली आणि संध्याकाळच्या धारांना हजर झाली.

गेल्या आठवड्यात मी ते अंतर गाडीने मोजलं. जायला सात मैल, यायला सात. बर्फात, दुसऱ्याच्या बुटांत, दोन रविवार. मी पंचवीस वर्षं गणित शिकवलं. त्या फाटकाशी गाडी थांबवून नुसती बसून राहिले. आणि सात वर्षांचा मुलगा मार खातो, पण बहिणीचं नाव घेत नाही, हे मोजायला तर माझ्याकडे मापच नाही.

आता माझं. तुमचा पत्ता आईला पाच वर्षांपूर्वी मिळाला. "मला घेऊन चल गं," म्हणाली. शाळेची तपासणी होती. मी म्हटलं, "हातमोजा पोस्टाने पाठव की."

"मार त्याने खाल्ला, मार्जरी. पोस्टाने कसा देऊ?"

मी पुन्हा विषय काढला नाही. तिनेही नाही.

म्हणून दोन दिवस आगगाडीत बसून आले आहे. हे पत्र तुमच्या दारात हाती देईन. घरात बोलवा असं म्हणत नाही. पोच मात्र खाली लिहावी.

तुमच्या ताईची मुलगी,
मार्जरी

सोबत दिला : डाव्या हाताचा राखाडी लोकरी हातमोजा, लहान, एक. आश्रमाचा नंबर ४१. अंगठा रफू केलेला.

मिळाला. रफू ताईचंच.
— सिरिल