नाशपातीच्या फळीची मागची बाजू

मी, हिन्नेर्क ओल्टमान, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा चित्रे काढणे व लाकडावर कोरून छापणे, राहणार हारलेबोर्ग, बांधाजवळचे शेवटचे घर, हे मृत्युपत्र सबंध माझ्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत टाचला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. किळस मात्र आहे, आणि तिच्यातली मोठी वाटणी माझ्या स्वतःच्या नावावर आहे. याआधी लिहिलेली दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत मी फारच सज्जन माणूस निघालो होतो.

१. राहते घर, भोवतालची सफरचंदाची झाडे आणि बँकेत असेल ती शिल्लक मेटा क्लासेन यांना मिळावी. गेली एकवीस वर्षे त्या माझे घर सांभाळतात आणि माझ्या चित्रांना "ती हिरवी थोबाडं" म्हणतात. माझ्या कलेवर या गावात झालेले एवढेच प्रामाणिक बोलणे. कोंबड्याही त्यांच्याच.

२. माझ्या अंत्ययात्रेत कलादालनाचे संचालक डॉ. एगोन फिशबेक यांना बोलू देऊ नये. एकोणीसशे सदतीस साली नाझी सरकारने आमच्यासारख्यांची चित्रे सडकी ठरवून भिंतींवरून उतरवली, तेव्हा हेच गृहस्थ हातात यादी घेऊन माझ्या दारात आले होते. त्रेचाळीस चित्रे त्यांनी पेन्सिलीने खुणा करून मोजून नेली. आता तेच केस पांढरे करून आले आहेत आणि मला "मास्टर" म्हणतात. परवा आले ते बटर केक घेऊन.

"मास्टर, तुमच्या नावाचं दालन उघडतोय आम्ही. दारावर लिहायचं, 'छळ सोसलेला कलावंत'. कसं वाटतं?"

"ओकारी येते," मी म्हणालो.

"तुमचा विनोद अगदी तसाच आहे हं अजून!" असे म्हणून त्यांनी स्वतःच केक कापला. ओठांना साखर लागली होती. मला खरोखरच शिसारी आली, आणि ती एकट्या त्यांची नव्हती. छळ सोसलेला, म्हणे.

३. टेबलाच्या डाव्या खणात एका पत्राची नक्कल आहे. तारीख अकरा एप्रिल एकोणीसशे तेहेतीस. पत्र राजधानीतल्या एका अधिकाऱ्याला लिहिलेले आहे आणि खाली सही माझी आहे. त्यात मी कळवले आहे की, इथल्या कलाशाळेत शिकवणारे लेओ वाइनगार्टन हे यहुदी असून आपल्या रक्ताचे नाहीत, त्यांच्या हाती जर्मन मुले देऊ नयेत, आणि माझ्या चित्रांवर त्यांची सावलीसुद्धा नाही. शेवटचे वाक्य तर धडधडीत खोटे. लाकूड कसे धरावे, पटाशी कशी लावावी, काळ्याला किती जागा द्यावी, हे मला लेओनेच शिकवले. आम्ही एका खोलीत बारा वर्षे काम केले, एकाच ताटलीतला धुरी दिलेला मासा खाल्ला. मला फक्त त्याची नोकरी हवी होती. ती मिळाली. चार वर्षांनी फिशबेक यादी घेऊन आले आणि तीही गेली. त्यामुळे आता मी संत ठरलो आहे.

माझी चित्रे कलादालनाला हवी असतील तर हे पत्र काचेत घालून दालनाच्या पहिल्या भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीवर लावावे. पत्र नको असेल तर चित्रेही नकोत. मेटाबाईंनी ती कोंबड्यांच्या खुराड्याला लावावीत.

४. लेओ पत्नी आणि मुलीला घेऊन हॉलंडला गेला तो त्याच वर्षीच्या मे महिन्यात. पत्राचे त्याला माहीत नव्हते. जाताना आपल्या कोरलेल्या सात फळ्या माझ्याकडे ठेवल्या. "हिन्नेर्क, ह्या तेवढ्या सांभाळ रे. छापायच्या राहिल्यात. आलो की दोघं मिळून छापू." तो आला नाही. त्रेचाळीस साली त्याला तिथून धरून नेले.

सातांपैकी सहा फळ्या सेहेचाळीसच्या हिवाळ्यात माझ्या शेगडीत गेल्या. थंडीला दोष देत नाही. जाळायला घरात खुर्च्या होत्या.

५. आता सातवी. ती मोठी आहे, नाशपातीच्या लाकडाची. पस्तीस साली चांगले लाकूड मिळेना, तेव्हा मी ती उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर माझा 'नावाडी' कोरला. लेओच्या बाजूवर रंधा फिरवायचा धीर झाला नाही, पण त्याच्या पाठीवर बसायला लाज वाटली नाही. तोच 'नावाडी' आज गावाच्या कॅलेंडरवर आहे, सिगारच्या डब्यावर आहे, शाळेच्या पुस्तकात आहे. मला त्याचा वीट आला आहे. मूळ फळी माझ्या बैठकीत भिंतीला लावलेली आहे. मागची बाजू आजवर कोणी पाहिलेली नाही.

मागे लेओची मुलगी आहे. एल्से, वय सहा, दात पडलेली, हसणारी. खाली तिचे नाव. लाकडावर अक्षरे उलटी कोरावी लागतात, तेव्हा कुठे कागदावर ती सुलटी येतात. हे लेओ विद्यार्थ्यांना शिकवायचा आणि स्वतः मात्र 'एस' दर वेळी सुलटाच कोरायचा, म्हणून कागदावर तो उलटा यायचा. मी चिडवायचो, "मास्तर, पोरीचं नाव तरी नीट लिहा!" तो म्हणायचा, "असू दे रे. तीपण तसंच लिहिते." कोणी शहाण्याने तो 'एस' दुरुस्त करू नये.

६. सुतार देत्लेफ हार्म्स यांनी माझ्या मृत्यूनंतर सदर फळी घ्यावी आणि 'नावाड्या'ची बाजू रंधा मारून सपाट करावी. छापयंत्रात दोन्हीकडून कोरलेली फळी नीट बसत नाही, पाठ सपाट लागते. मी त्यांना हे सांगितले तेव्हा ते खाली बसले.

"अहो, येड लागलं का तुम्हाला? गाव मला जिवंत ठेवेल का?"

"गावाला पत्र वाचायला द्या."

"वर कागद ठेवून चमच्यानं घासूनही छापता येतं की! तुम्हीच दाखवलंत मला. मग कशाला मोडायचं?"

येते. चमच्याने घासून उत्तम छापता येते. पण तसे केले तर फळी दोन्ही बाजूंनी शाबूत राहील, काचेच्या पेटीत जाईल, आणि पेटीत ती माझ्याच बाजूने ठेवली जाईल. हे ऐकून हार्म्स उठले. मग म्हणाले, "रंध्याचं पातं नवीन लावतो." माझी सगळी हत्यारे त्यांना द्यावीत. लाल दोरा बांधलेल्या तीन पटाश्या मात्र लेओच्या आहेत, त्या वगळून.

७. लेओच्या बाजूच्या दहा प्रती काढाव्यात. दहाही प्रती, फळी आणि त्या तीन पटाश्या एल्से वाइनगार्टन, पुस्तकबांधणी करणाऱ्या, राहणार रॉटरडॅम, यांच्या. पत्राची एक नक्कल त्यांना आधी पाठवावी. ती वाचून त्यांनी सगळे परत पाठवले तर तो त्यांचा हक्क आहे, आग्रह करू नये.

गेल्या ऑक्टोबरात त्या इथे आल्या होत्या. एकट्याच. कॉफी घेतली. भिंतीवरच्या 'नावाड्या'समोर उभ्या राहिल्या, आणि लहानपणी म्हणायच्या तसेच म्हणाल्या, "हिन्नेर्ककाका, आमच्याकडे बाबांचं काही म्हणजे काहीच उरलेलं नाही. तुमच्याकडे एखादं कागदाचं चिटोरं तरी असेल का हो?"

मी म्हणालो, "नाही गं. सगळं गेलं लढाईत."

त्यांनी मान हलवली. मग 'नावाड्या'च्या कडेवरून बोट फिरवले आणि "छान आहे," म्हणाल्या. लाकडाची जाडी दोन बोटे आहे. पलीकडे त्या स्वतःच होत्या, तोंड भिंतीकडे करून.

त्यांना एवढे कळवावे: तुम्ही विचारलेत तेव्हा होते.

हारलेबोर्ग, दिनांक ९ फेब्रुवारी १९५७.

(सही) हिन्नेर्क ओल्टमान

वरील मजकूर ओल्टमान यांनी आम्हा दोघांना मोठ्याने वाचून दाखवला. सातवे कलम त्यांना वाचता आले नाही. ते आम्ही आमचे वाचले. नंतर त्यांनी आमच्यादेखत सही केली.

साक्षीदार: गेर्ड विल्केन, टपालवाले
साक्षीदार: फ्राउके येसेन, सुईण